यादीतली पाचवी कादंबरी

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

फळा लागला! वाचनालयाच्या दारात, शिवमंदिराकडे जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा — ‘यंदा आवर्जून वाचाव्यात अशा पाच नव्या विज्ञान कादंबऱ्या. निवड : तेजस्वी.’ कार्याध्यक्ष कैलासराव म्हणाले, “नाव कशाला?” म्हटलं, निवड माझी तर नाव माझंच. अकरा वर्षं या टेबलामागे बसतेय. अख्ख्या अंबरनाथमध्ये माझ्याएवढ्या विज्ञान कादंबऱ्या कुणी वाचल्या असतील तर समोर यावं!

चार अस्सल आहेत. एकीत मंगळावर सोसायटी होते आणि तिथंही पार्किंगवरून भांडणं. एकीत मेलेल्या सासऱ्याचा आवाज यंत्रात भरून ठेवलाय, तो रोज भाजीत मीठ कमी असल्याचं सांगतो. हसून हसून पोट दुखलं. उरलेल्या दोन गंभीर आहेत, पण खाली ठेववत नाहीत.

पाचवीबद्दल नंतर लिहीन.

५ जानेवारी

लिहायलाच हवं. पाचवी कादंबरी नाहीच! म्हणजे जगातच नाही. जी मागवली होती ती पन्नासाव्या पानावरच मिटून ठेवली — भिकार. पण वर्धापनदिनाच्या पत्रिकेत ‘पाच’ छापून झालं होतं. कैलासराव म्हणाले, “कुठलीपण टाका हो!” कुठलीपण? न आवडलेलं पुस्तक मी आजवर कुणाच्या हातात दिलेलं नाही.

मग मीच एक रचली. नाव — ‘मागे वाहणारी वालधुनी’, आपल्या शिवमंदिराजवळच्या नदीवरून. लेखक — अनामिक. खाली तीन ओळी : एका सकाळी नदी उलट दिशेने वाहू लागते. रोज त्याआधीच्या वर्षाचं पाणी येतं. काठावर एक बाई तिला हव्या त्या वर्षाची वाट बघत बसते.

कोण विचारणार आहे, म्हटलं.

१२ जानेवारी, रविवार

सगळे विचारतायत! उल्हासनगरचा धर्मेश, कापडदुकानवाला, गल्ल्यावर बसून वाचतो — “दीदी, वो नदीवाली आली का? बाकी चार बाद में.” बदलापूर गावातून विठाकाकूंचा फोन : “आली का गो ती नदीची गोष्ट?” मागणीवहीत नऊ नावं. मंगळाला फक्त तीन.

लाज वाटायला हवी होती. उठली अभिमानाचीच लहर. माझ्या तीन ओळी!

माईंनी तर चष्मा पुसून फळा दोनदा वाचला. माई म्हणजे पलीकडच्या चाळीतल्या. पंचाहत्तरी उलटलेली, एकट्याच, मूलबाळ नाही. दहा वाजता पेपर वाचायला येतात, पुस्तक कधी नेत नाहीत.

“तेजू, त्या बाईला कुठलं साल हवंय गं?”

“पुस्तक आलं की कळेल, माई.”

“कधी येणार?”

मी पेपरांची चळत सारखी करायला घेतली.

१४ जानेवारी

कैलासरावांना तिळगूळ द्यायला गेले. म्हणतात, “ती वालधुनी वाचली मी. मुलीनं पुण्याहून पाठवली. चांगली आहे, पण शेवट ओढूनताणून आणलाय.” मी पटकन लाडू तोंडात कोंबला, नाहीतर तिथंच हसत सुटले असते!!

१९ जानेवारी

आज हसू आलं नाही. माईंनी मागणीवहीत नाव लिहायला लावलं. “लवकर मागव गं. डोळ्यांचं काही खरं नाही आता.”

लोक माझ्या शब्दावर पुस्तक घरी नेतात. मुखपृष्ठही बघत नाहीत. अकरा वर्षांत कमावलेली एवढी एकच गोष्ट, ती मी एका खडूनं घालवली.

दोनच वाटा — पुसून टाकायचं, नाहीतर लिहायचं. वाचनालय बारा ते चार बंद असतं. दोनशे पानी वही आणलीय.

२ फेब्रुवारी

अडतीस पानं! आणि चांगली झालीत. स्वतःच स्वतःला सांगते, कारण दुसरं कोण सांगणार? पाणी मागे जातं तशी काठावरची कारखान्यांची भिंत विटा-विटांनी नाहीशी होते — ते पान तर मला फारच आवडलंय.

पण गाडी एका जागी अडलीय. बाई कशासाठी बसलीय? आधी लिहिलं, तिचं कानातलं वाहून गेलं होतं. खोडलं. कानातल्यासाठी कुणी एवढं बसत नाही. सालाची जागा कोरी ठेवलीय. मलाच ठाऊक नाही.

९ फेब्रुवारी

सांगून टाकलं. माई, असं पुस्तकच नाही. मी रचलं. ही वही आहे, तीही अर्धी.

रागावतील वाटलं होतं. त्यांनी वही उघडली, पानं चाळली, कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. “अक्षर मोठं काढलंयस, बरं केलंस,” म्हणाल्या आणि वही पिशवीत घातली.

मग बाहेर जाऊन पाचवी ओळ पुसली. तिथं लिहिलं : ‘ही कादंबरी अस्तित्वात नाही. चूक माझी. — तेजस्वी.’ निवडीखाली नाव घालायचं तर चुकीखालीही घालायचं. ताठ मानेनं घातलं.

कैलासराव फळ्यासमोर बराच वेळ उभे होते. मग थेट घरी गेले.

११ फेब्रुवारी

धर्मेश : “झूठ बोली तुम, दीदी. पण लिहून झाली की पहिली मला.” विठाकाकूंनीही मागणीवहीतून नाव काढलेलं नाही. माईंसकट दहाच्या दहा नावं तशीच!

१६ फेब्रुवारी

माई आठवडाभर पेपरला आल्या नाहीत.

२० फेब्रुवारी

वही परत आली. माझ्या अडतीस पानांपुढे सहा पानं, माईंच्या थरथरत्या अक्षरात. कोरी जागा भरलीय — १९८३. त्यापुढची ओळ : “त्या वर्षी माझी लेक बकुळा पाच वर्षांची होती.”