टाचणीची खरी वेळ

मी, सार्वजनिक तलावावर बत्तीस वर्षे मुलांना पोहायला शिकवलेली, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आहे ते परवाच्या शस्त्रक्रियेचे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जोडला आहे हे मी तीनदा पाहिले.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि मागची गॅलरी, माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. तिने विकले तरी हरकत नाही, पण न्हाणीघराचा नळ गळतो हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

२. बँकेतली शिल्लक बहिणीच्या मुलाला. त्याला मी चार उन्हाळे पोहायला शिकवले, पालथ्या घड्यावर पाणी. अजूनही तो कमरेएवढ्या पाण्यात नाक धरून उभा राहतो. तरी पोर गुणी आहे. त्याने पुन्हा शिकवणी लावावी, दुसऱ्या कोणाकडे.

३. बुडणाऱ्याला ओढायची लांब काठी तलावाला परत करावी, पण व्यवस्थापकांच्या खोलीत ठेवू नये. त्यांनी ती पडदा अडकवायला नेली होती आणि त्याच दिवशी एक पोरगी खोल भागात गटांगळ्या खात होती. मी कपड्यांनिशी उडी मारली. नंतर ते 'सॉरी' म्हणाले. मी माफ केलेले नाही.

४. स्टॉपवॉच खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांना द्यायचे ठरवले होते. वकील म्हणाले, "बाई, ज्याला काही द्यायचंय, त्याला साक्षीदार करू नका." घड्याळवाले म्हणाले, "मग मी साक्षीदारच बरा. घड्याळं काय, दुकानात पोत्यानं पडलीत." तेव्हा तेही बहिणीला.

५. आता वही. हे कलम मी चारदा लिहून फाडले.

माझी एक पद्धत होती. मुलाने शंभर मीटर पूर्ण केले की मी वेळ ओरडून सांगायचे ती दोन सेकंद वाढवून. खरी वेळ वहीत, वाढीव वेळ पोरांच्या कानात. खरे कळले की पोर सैलावते, असे मला वाटे. चिडून पोहायची मुले, आणि चिडलेले मूल वेगात पोहते. जिल्हा संघाच्या निवडीचा फॉर्म भरायची वेळ आली की मी वही उघडून दाखवायचे, मग पोरे नाचायची.

टाचणी माझी सगळ्यांत वेगवान मुलगी. अंगाने तशी, म्हणून ते नाव. ती सोळा वर्षांची असताना निवडीची अट एक मिनिट दहा होती. तिने एक नऊ लावले. मी एक अकरा ओरडले. पाण्यातून वर येऊन ती म्हणाली, "बाई, फॉर्म भरू का?"

मी म्हणाले, "तुझं तू ठरव. वेळ ऐकलीस ना?"

अजून एकदा चिडू दे, उद्या वही दाखवू, असा माझा हिशोब. ही चिडली नाही. मान हलवून कपडे बदलायला गेली. मुदत त्याच संध्याकाळी संपली, आणि मी ती दुसऱ्या दिवशीची समजून बसले होते. पुढच्या महिन्यात तिने पोहणे सोडले. मी वही कपाटात ठेवून दिली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

टाचणी आता शाळेत गणित शिकवते. दर रविवारी माझी औषधे घेऊन येते, डब्यांवर वारांची नावे लिहून देते. दुसरे कोणी येत नाही. ती वहीच्या कपाटाजवळून गेली तरी मी तिला पाणी आणायला पाठवते. चोराच्या मनात चांदणे.

वही मी मेल्यावर तिला मिळावी, असे आधी लिहिले होते. म्हणजे तिने काय विचारायचे ते माझ्या फोटोला विचारले असते. हा पळपुटेपणा झाला. म्हणून वही कोणालाही ठेवत नाही आणि टाचणीला साक्षीदार करते. हे कलम मी तिला वाचून दाखवीन, वही तिच्या हातात देईन, मग सही मागीन. तिने नाही केली तर घड्याळवाल्यांनी आपल्या बायकोला बोलवावे. टाचणी यायची थांबली तर तिला कोणी बोल लावू नये. मला फार भीती वाटते आहे.

वरील सर्व मी वाचून, समजून सही केली.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर. मंगळवार, दुपार.
सही: तलावावरची बाई

साक्षीदार पहिले: घड्याळवाले, तळमजला. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरी: टाचणी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. पाचवे कलम त्यांनी वाचून दाखवले, मध्ये दोनदा थांबल्या. मी विचारले तेव्हा फॉर्म भरलेलाच होता, दप्तरात. 'दे' एवढे ऐकायचे होते. वही घेतली. आज मला त्यांच्याशी बोलवत नाही. परवा सकाळी सातला गाडी घेऊन येते. रात्रीपासून काही खायचे नाही, हे त्यांना कोणीतरी सांगा.