बारीक तोंडाची गाडी

२ जानेवारी १९९८, सिरसाळा
नंदाला नववा लागला. लेकीचं पहिलं बाळंतपण, म्हणून दिवाळीतच आणली. जावईबापू गाडी इथंच ठेवून एस.टी.नं मुंबईला गेलेले. "अप्पा, ऐनवेळी जीप शोधत बसू नका. गाडी फिरती ठेवा." फिरती ठेवलीय. मी सरकी-पेंडीचा टेम्पो हाकणारा माणूस. हिच्यात बसायचं तर हातपाय धुऊन बसावंसं वाटतं. धूर नाही, वास नाही. आणि नंदानं स्वतःच्या पगारातून घेतलेली! घरची मंडळी म्हणते, "तुमाला कशाचं बी नवल."

७ जाने.
परळीला पेट्रोल. नेहमीचंच, पंपाची नळी गाडीच्या तोंडात जात नाही. घरून रॉकेलचं नरसाळं नेतो, म्हणून भागतं. पंपावरचा म्हणाला, "अप्पा, एवढं बारीक तोंड कावून केलं असंल?" सांगितलं, चोरानं नळी घालू नये म्हणून. मुंबईकरांच्या डोक्याचं दिवसभर कौतुक वाटलं.

१५ जाने.
गाडी दमते. चढ आला की जीवच नाही. आज एक बैलगाडी पुढं गेली, वर गाडीवान हसला. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी तारीख महिनाअखेरची दिलीय. तिथला घाट कसा चढणार? जेवण गेलं नाही.

१६ जाने.
परळीत रऊफ मिस्त्रीकडं. प्लग, कार्बोरेटर, सगळं बघून झालं. मग त्यानं सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला. "अप्पा, तुमी बी धरा." फुंकरीएवढी हवा. "इंजनाला काय न्हाई झालं. मागून दम कोंडलाय." गाडीखाली एक फुगीर डबा आहे, तो तुंबलाय म्हणे. असला डबा त्यानंही कधी उघडलेला नाही. "लेकीला इचारून या."

नंदा ऐकून उठूनच बसली.
"अप्पा, पेट्रोल कोणतं भरलं?"
"परळीचं."
"बिनशिशाचं?"
इकडं एकच मिळतं. मग तिनं समजावलं. तो डबा इंजिनाचा विषारी धूर साफ करतो, पण शिशाच्या पेट्रोलनं मरतो. म्हणून तोंडच बारीक ठेवलंय, साध्या पेट्रोलची नळी आत जाऊच नये. "मला वाटलं, नळीच जाणार नाही म्हटल्यावर कोण भरतंय! सांगायचं राहिलं."
कुणीतरी इतका पुढचा विचार करून तोंड बारीक केलं आणि मी नरसाळं लावलं.

१७ जाने.
नंदा अडून बसली. डबा काढू नका, मुंबईत पीयूसीच्या तपासणीत नापास होईल. तिची आई म्हणाली, "मग तुला न्यावं कशात बाई?" माझाही आवाज चढला. "आदी तुझं लेकरू पास होऊ दे, मग गाडी!" रडली पोर. संध्याकाळी आपणहून म्हणाली, "काढा."

१८ जाने.
काढला. नट धरून बसलेले, छिन्नीनं तोडावे लागले. रऊफनं सळईनं हळूहळू ठोकत आतला दगड बाहेर घेतला. दगड कसला, पोळंच. चौकोनी बारीक भोकं, मुंगी शिरायची नाही. निम्मी राखेनं बुजलेली. उरलेल्यातून सूर्याकडं बघितलं तर एकेका भोकात उजेड! वैजनाथासमोर उभं राहिल्यावर काही मागायचं सुचत नाही, तसं झालं. रऊफनं बघितलं. "या अल्ला, हे इणलं कुणी?" दोघांचाही चहा गार झाला.
रिकामा डबा परत जोडला. गाडी पळाली, आवाज मात्र टेम्पोसारखा. दगड घरी आणला. नंदा म्हणाली, यावर प्लॅटिनमचा हात दिलेला असतो, सोन्याहून महाग. तिची आई: "मग सोनाराला दावा की." देवळीत ठेवलाय.

२६ जाने., रात्री
शाळेत झेंड्याला गेलो होतो, तिथंच निरोप. नंदाच्या कळा. गाडी घाट एका दमात चढली. दुपारी मुलगी. आधी रडेचना, निळी पडलेली. बाईंनी पाठ चोळली, काय काय केलं, आम्ही दाराबाहेर देवाचं नाव घेत. मग जी रडली! मूठभर छाती आणि केवढा आवाज! मी भिंतीला धरून रडलो, लाज वाटली नाही. घाटात गाडी थांबली असती तर...

१४ फेब्रु.
धुतलेल्या बाळोत्यांवर काळे ठिपके. दोरी गाडीच्या मागंच बांधलेली. "आदी व्हत नव्हतं," ही म्हणाली. दोरी पलीकडं बांधली.

१२ एप्रिल
जावईबापू न्यायला आलेत. डब्याचं सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं, पण ते मुलीचं तोंडच बघत राहिले. आज बीडला पीयूसी करून घेतलं, नंदाही बाळाला घेऊन आली. सेंटरवाल्यानं सायलेन्सरमध्ये नळी घातली, काटा हलला. "पास." रिकाम्या डब्यासकट पास! जावईबापू हसले. "आता कोण नवा बसवतंय?"
नंदानं पिशवीतून पांढरं बाळोतं काढलं, सायलेन्सरच्या मागं धरलं. "रेस करा." मधोमध काळा डाग.
सेंटरवाला म्हणाला, "ताई, नियमात बसतंय."
बसत असेल. नंदानं ते बाळोतं पुन्हा पिशवीत घातलं नाही, माझ्या हातात दिलं.

१३ एप्रिल
सकाळी निघाले. गाडी सुरू झाल्यावर नंदानं काच खाली केली. "अप्पा, देवळीतला दगड द्या."
"मेलाय तो, नंदे."
"माहितीय. समोर दिसला पाहिजे. नाहीतर पास झाली म्हणून नवा बसवायचा राहूनच जाईल."
मी आणून दिला. दगड तिनं पायाशी ठेवला. बाळ आजीनं शिवलेल्या दुपट्यात झोपलेलं, नाकपुड्या हलत होत्या. मी तेवढंच बघत राहिलो.
बाळोतं धुतलं. डाग फिका झाला, गेला नाही. फोन आला की आधी पोरीचं विचारीन. मग डब्याचं.