नुसता अर्क

ती. बाबा,

रागावलेला नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, खोलीतला हीटरही दुरुस्त झालाय.

आई सांगत होती, तुम्ही चार दिवस रेडिएशनला गेलाच नाहीत. ‘लेकीनेच शोधलंय’ म्हणत पाल्याचा काढा पिताय. मी कपाळावर हात मारून घेतला. फोनवर मी एवढंच म्हटलं होतं, की त्या पानांच्या अर्काने गाठ रेडिएशनपुढे कमजोर पडते आणि मग ते तिच्यावर जास्त लागू पडतं. तेही अजून प्रयोगशाळेत, डिशमधल्या कॅन्सरच्या पेशींवर, माणसांवर नाही. पण अर्धं ऐकून तुम्ही फोन आईकडे दिलात.

जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलंत ना? एक कुंडी उन्हात, एक कपाटात. इथेही तेच करतो आम्ही. एका डिशला अर्क आणि रेडिएशन, दुसरीला नुसता अर्क. पहिलीतल्या निम्म्याहून जास्त पेशी मेल्या. दुसरीतल्या मजेत वाढताहेत.

घसा अजून दुखतो का? डॉक्टरांना काढ्याचं खरं सांगा. सोमवारी दादा न्यायला येईल, निमूट गाडीत बसा.

दुसऱ्या डिशमधल्या पेशी रोज मलाच मोजाव्या लागतात, बाबा. आणि तुम्ही नेमके तिच्यात जाऊन बसलात.

तुमच्याच वर्गात शिकलेली,
धाकटी