जावयाचा बेडूक

रविवार, दिवेलागणीला

मेला एकदाचा. आणून चार दिवससुद्धा झाले नव्हते. जावयांनी मुंबईच्या दुकानातून काचेच्या पेटीसकट विकत आणलेला बेडूक! आमच्या परसात डरावणारे फुकटचे यांच्या नजरेत भरत नाहीत. वर म्हणतात, "रत्नागिरीची हवा मानवली नाही त्याला."

हवा म्हणे. बेडूक कातडीने पाणी पितो, हे मी तीस वर्षं कॉलेजात घसा फोडून शिकवलं. यांनी पेटीत काय ओतलं? नळाचं पाणी, ज्याला औषधाचा वास सुटलेला असतो. आधीच बिचारा रात्रभर बसमध्ये हिंदकळत आला होता. आल्या आल्या फोटोसाठी सगळ्या आळीने तो हातात घेतला. कुणाच्या हाताला साबण, कुणाच्या हाताला डासांचं मलम. सगळं कातडीतून आत! नव्या जिवाला दोन दिवस एकटं सोडावं, एवढी साधी अक्कल नाही, आणि म्हणे इंजिनियर.

दुपारी जेवताना हे सगळं सुनावलं. नळाच्या पाण्याचं तर दोनदा. जावई मान खाली घालून भात कालवत राहिले. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

तेवढ्यात आमच्या हिने ताक वाढता वाढता विचारलं, "तुमच्या कॉलेजातले बेडूक कसल्या पाण्यात असायचे ओ?"

"नळाच्याच."

"मग ते कसे जगायचे?"

मी ताकाची वाटी तोंडाला लावली. गुरुवारच्या प्रॅक्टिकलपर्यंत जगले की आमचं भागायचं.