तीन घरांचं अक्षर

प्रिय आप्पा,
जयभीम.

मंगळवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढ्या शिकलेल्या लोकांना दिसलं नाय, ते तुलाच कसं दिसलं?" मी हसण्यावारी नेलं. फोनवर मोकळं बोलता येत नाही. तुमचा फोन दुकानात शिलाई मशीनवर, आवाज मोठा केलेला, आणि काकासाहेब काजं-बटणं सोडून आपलंच ऐकत बसलेले. म्हणून पत्र. काय सापडलं ते सांगते, आणि माझं नाव कसं छापून आलंय तेही. ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

आमची कंपनी दवाखान्यांसाठी नोंदणीचा प्रोग्राम करते. पेशंटचं नाव अर्धवट आठवलं तरी सापडावं, म्हणून त्यात नमुना देता येतो. पहिलं अक्षर 'प' ते 'म' मधलं कुठलंही असो, शेवटी 'बाई' हवं, असा. जुळणारी सगळी नावं समोर येतात. हे जुळवायचं काम करणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामचा आयता भाग, आमची नाही. परदेशातल्या काही जणांनी ती लिहून सगळ्यांना फुकट वापरायला दिली आहे आणि ती हजारो ठिकाणी चालते. तपासताना बाकीचे 'एबीसी' टाकतात. मी घरची नावं टाकते, मला बरं वाटतं. एके दिवशी आईचं नाव शोधायला हा नमुना दिला आणि प्रोग्राम जागच्या जागी बंद पडला. पुन्हा दिला, पुन्हा बंद.

आमचे ऋतुराज सर म्हणाले, "इंग्रजीत टाक ना मग, इंग्रजीत चालतंय." चालतच होतं. पण आपल्या पिशोरची बाई दवाखान्यात येताना नाव काय इंग्रजीत घेऊन येते? अकरा दिवस जेवणाच्या सुट्टीत मी ती लायब्ररी ओळीनं वाचत बसले. शेजारच्या टेबलावरचा शिवम रोज डबा उघडताना विचारायचा, "काय बाई, पारायण कुठवर आलं?"

तुमच्या धंद्यातलं उदाहरण देते. ती लायब्ररी नमुना दोनदा वाचते. एकदा माप घ्यायला, किती जागा लागेल ते. दुसऱ्यांदा त्या जागेत अक्षरं भरायला. संगणकात इंग्रजी अक्षर एका घरात मावतं, आपल्या 'प'ला तीन घरं लागतात. एका आडबाजूच्या ओळीत माप घेताना प्रत्येक अक्षराला एकच घर धरलं होतं, आणि भरताना तीन. काकासाहेबांनी लेकराचं माप लिहावं आणि तुम्ही त्या कापडात बापाचा सदरा बेतावा, तसं. पण कापड कमी पडलं की तुम्ही कात्री खाली ठेवता. संगणक थांबत नाही, तो शेजारच्या गिऱ्हाइकाचं कापड कापत जातो. उरलेली अक्षरं दुसऱ्याच माहितीवर जाऊन पडतात. माझा नुसता प्रोग्राम बंद पडला, पण वाईट बुद्धीचा माणूस तिथं काय पडावं हे ठरवून लिहू शकला असता आणि अख्खा दवाखाना त्याच्या हातात गेला असता.

मी त्या लोकांना गुपचूप कळवलं. दुरुस्ती तयार होईपर्यंत बाहेर बोलायचं नसतं, म्हणून तुम्हालाही दोन महिने काही सांगितलं नाही. आईनं तर विचारलं होतं, "बोलंना का झालीस? कुणी काय म्हणलं का?" सहाव्या दिवशी उत्तर आलं. एका बाईंनी लिहिलं होतं, 'तुझं म्हणणं बरोबर आहे. सोळा वर्षांपूर्वी ती ओळ मीच लिहिली.' मी ते चारदा वाचलं आणि जिन्यात जाऊन रडले. दुरुस्तीतल्या सहा ओळी माझ्या आहेत आप्पा, जशाच्या तशा घेतल्या त्यांनी. ऋतुराज सरांनी सगळ्यांसमोर मला फळ्यावर समजावून सांगायला लावलं. शिवम खाली बसून वहीत उतरवून घेत होता.

दोष जाहीर करताना शोधणाऱ्याचं नाव छापतात. कसं छापू, असं त्यांनी विचारलं, आणि मी दोन दिवस अडले. तीन वर्षांपूर्वी आपण दोघं इथं खोली बघायला आलो होतो. तिथल्या मालकीणबाईंशी भाडं ठरलं, त्यांना आपण पटलो, मग त्यांनी आडनाव विचारलं. तुम्ही सांगितलंत, आणि त्यांना एकदम आठवलं की खोली भाच्याला द्यायची आहे. एसटीत तुम्ही खिडकीकडं बघत म्हणालात, "नुसतं सुलेखा सांगत जा लेकी. काम तर अडणार नाय." मला छप्पर मिळावं म्हणून बोललात, मला कळलं होतं. तेव्हापासून कंपनीत, ईमेलवर, या खोलीवर, सगळीकडं मी सुलेखा डी. आहे. पण या कामात मी कुणाचं काही घेतलं नाही, काही लपवलं नाही. त्याच्यावर अर्धं नाव टाकायला माझं मन धजेना.

म्हणून आधी खाली जाऊन घरमालकीण लक्ष्मीबाईंना पूर्ण नाव सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि गहू निवडत राहिल्या. अजून तरी विषय काढलेला नाही. खोली सोडायला सांगितली तर दुसरी बघीन, तिथंही हेच नाव सांगीन. परवानगी मागायला हे पत्र लिहीत नाही, आप्पा. रागावलात तरी चालेल. मंगळवारी छापून आलंय, मी सांगितलं तसं, देवनागरीत: सुलेखा पारूबाई धोंडिबा हिवराळे, पिशोर.

तुमचीच,
सुलेखा