येळवशीच्या भज्जीबरोबर चिलीची वाईन

आई, यंदा वेळ अमावस्येला येळवस शेतातच केली. तू गेल्यावर इतक्या वर्षांनी आपल्या कडब्याच्या कोपीपाशी भज्जी शिजली, आणि ती मी शिजवली. तुझ्या धाकट्यानं पुण्याहून बायकोपोरांसकट यायचं कबूल केलं होतं. हॉटेलातली नोकरी संपवून मी जळकोटला येऊन राहिलो, ते त्याला पटलेलं नाही. "तिथं तुला कोण विचारतंय? शेत बटईनं दे आणि इकडं ये," हे त्याचं पालुपद. तिथं त्यांच्या घरात मी एका खोलीत टीव्ही बघत बसेन, हे मला आताच दिसतंय. म्हणून त्याला दाखवायचं होतं की इथं माझ्या सतरंजीवर माणसं जेवायला बसतात.

हॉटेलातल्या पोरांनी निरोपाच्या वेळी एक बाटली दिली होती, ती या दिवसासाठी राखून ठेवली. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाची रेड वाईन, तीन जातींची काळी द्राक्षं एकत्र करून केलेली. एक जात अंगानं जड, दुसरी मिऱ्यासारखी झणका देणारी, तिसरीला हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास. लोकांना कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाईन ते मी सुचवतो, हे तुला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू चुलीपुढं तुरीच्या शेंगा सोलत होतीस. "दारू वाढतूस व्हय रं? ह्याच्यासाठी शिकवलं का तुला?" म्हणालीस, आणि पुन्हा शेंगा सोलायला लागलीस. मी उठायला लागलो तसं आपणच विचारलंस, "कशासंगं पितेत ती?" मी सांगत गेलो, तू पातेलं ढवळत ऐकत गेलीस. शेवटी म्हणालीस, "म्हंजी तिथं बी चवच जुळवायची. भज्जीचं बी तसंच हाय. तूर एकटी वर आली की भज्जी फसली बघ." त्यानंतर त्या कामावरून तू मला कधी टोचून बोलली नाहीस.

आठवडाभर मी मनातल्या मनात ताटं मांडत होतो. काळ्या मसाल्याचं मटण या वाईनपुढं नको, तिखटानं ती कडवट लागते आणि घसा जाळते. भाजलेल्या वांग्याचं भरीत चालेल, धुरकट वासाशी तिचं जमतं. शेंगदाण्याची चटणी चालेल, पण तिखट बेतानं. ताकातल्या आंबिलीवर मात्र घोटभरही नको, त्या आंबटापुढं भली भली वाईन पाणचट होते. आणि भज्जी? ओला हरभरा, तूर, वाटाणा, मेथी, कांद्याची पात, सगळं हिरवं. तिथं ती ढोबळ्या मिरचीच्या वासाची जात कामाला येईल, असं मला आतून वाटत होतं. धाकट्याच्या तोंडाकडं बघत बघत हे सगळं सांगायचं होतं.

येळवशीच्या सकाळीच त्याचा फोन आला. पोराची परीक्षा. "पुढच्या वर्षी नक्की," म्हणाला.

तरी मी शेतात गेलो. वाईनला थोडी हवा लागावी म्हणून बाटली स्टीलच्या तांब्यात ओतून कोपीपाशी ठेवली आणि चुलीला फाटी घालायला मागं गेलो. तेवढ्यात शेजारच्या शेतातले काका आले. कोपीत लक्ष्मीची पूजा मांडलेली, शेजारी भरला तांब्या, पोरगं एकटं. त्यांना वाटलं, आंबील शिंपडायची फेरी आपणच घालून द्यावी. मी वळून बघतो तर ते आंबील समजून माझी वाईन ज्वारीवर शिंपडत कोपीभोवती फिरताहेत, वर येळवशीची "ओलग्या ओलग्या" ही आरोळी! मग बोट चाटलं आणि थबकले. "आंबील लाल कशी रं? बीट घातलं व्हय? आन् लई आंबली की!" मी काय आहे ते सांगितलं. काकांनी आधी तांब्याकडं बघितलं, मग देवाकडं, आणि म्हणाले, "असू दे. लक्ष्मीला बी कवा तरी बदल पायजे." आई, मी किती दिवसांनी असा पोट धरून हसलो. काकांनी उभ्या उभ्या बाजरीचा एक उंडा खाल्ला. त्यांच्याकडं लेकी-जावई आले होते, वाट बघत होते. ते गेले.

उरलेली पेल्यात घेतली आणि भज्जीचा घास घेतला. जुळलं. असं जुळलं, की कित्येक वर्षं मोठमोठ्या लोकांच्या टेबलाशी उभा राहून मी एवढी नेमकी जोडी लावली नसेल. कुणाला तरी सांगावंसं इतकं वाटलं, की मी पेला हातात धरूनच बांधावर गेलो. चहूकडच्या रानांतून "या जेवाया" अशा हाका ऐकू येत होत्या. तू याच बांधावरून वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक घालायचीस आणि तो येऊन बसायचा. समोरून दोघं मोटारसायकलवरून गेले. मी तोंड उघडलं, पण हाक आली नाही. ते थांबले नसते तर, या भीतीनं मी पेला घेऊन कोपीकडं परत फिरलो.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, म्हणून एवढं मोकळं लिहितोय. संध्याकाळी धाकट्याचा पुन्हा फोन आला. "किती माणसं होती रे जेवायला?" मी म्हणालो, "लई होती. सतरंजी पुरली नाही." तो म्हणाला, "बरं झालं. मग राहा तिथंच." शेताचं काही बोलला नाही. आई, खरं तुला एकटीलाच सांगतो. भज्जीचं पातेलं जवळजवळ भरलेलंच घरी आणलं, आणि अजून रोज थोडी थोडी गरम करून मीच खातोय.