असा १०० ठेवणे

तीर्थरूप मामांस,

दुरूनच वाकून नमस्कार. (जवळ असतो तर वाकलेल्या पाठीत धपाटा बसला असता, म्हणून दुरूनच बरा.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा रक्तदाब आणि तुमच्यावरचा राग, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. ताईच्या बाळाला पहिला दात आला हे वाचून आनंद झाला. मी इथे ठणठणीत आहे. खोकला गेला. नोकरी तीच आहे. (हे वाक्य परत वाचायचं असेल तर वाचा, मी थांबतो.) त्याच लॉन्ड्रीत मला अकरा महिने झाले. त्याआधी तीन वर्षांत माझ्या पाच नोकऱ्या झाल्या आणि त्यातली एकही सर्दीपेक्षा फार जास्त टिकली नाही, हे तुम्हीच चारचौघांत सांगत असता, त्या चारचौघांना हेही सांगा.

आता मुद्द्याचं. तुमचं पत्र मिळालं. कॅमेरा ताबडतोब परत पाठव, बाळाचे फोटो काढायचे आहेत, जावईबापूंच्या त्या डबीएवढ्या कॅमेऱ्यातून काढलेल्या फोटोत बाळ कुठलं आणि उशी कुठली ते कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. बरोबर आहे. कॅमेरा तुमचा. मी निघालो तेव्हा तुम्ही तो माझ्या गळ्यात अडकवलात आणि ‘वापरायला देतोय, देऊन टाकत नाहीये’ असं तीनदा बजावलंत, ते माझ्या लक्षात आहे. आमच्याकडे साबणाची पिंपं घेऊन येणारा ट्रकवाला दादा शुक्रवारी परत निघतो, तो तुमच्या दारावरूनच जातो. त्याच्याबरोबर पाठवतोच. फक्त या अकरा महिन्यांत तुमच्या कॅमेऱ्याने इथे काय काय उजेड पाडलाय, ते आधी तुमच्या कानावर घालणं भाचा म्हणून माझं काम आहे. मागाहून तुम्ही म्हणायला नको की कार्ट्याने सांगितलं नाही.

पहिला रोल मी इथे आल्याच्या आठवड्यात भरला. इथलं काम तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगतो. मोठमोठ्या हॉटेलांच्या चादरी येतात, हजारांनी. एका टोकाला मळक्या चादरी आत जातात, दुसऱ्या टोकाला घड्या बाहेर येतात, आणि मध्ये आम्ही वाफेत उकडत असतो. अशा ठिकाणी गळ्यात कॅमेरा असलेला माणूस आला की त्याला फार भाव मिळतो. सगळ्यांनी केस विंचरले. मी फोटो काढत सुटलो. रोल छत्तीस फोटोंचा, पण छत्तीस झाले तरी रोल पुढे सरकवायचा खटका ओढला जातच होता. खिडकीतला आकडा छत्तीसशी येऊन थबकला, पण खटका काही थांबेना, मग मीही थांबलो नाही. चाळीस झाले, पंचेचाळीस झाले. मामा, खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. म्हटलं, मामांच्या कॅमेऱ्याला बरकत आहे. बावन्न फोटो काढून मी कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे गेलो. त्याने काळ्या पिशवीत हात घालून कॅमेरा उघडला, चाचपला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात. रोलचं टोक पलीकडच्या दांडीत अडकलंच नव्हतं. ‘हा तर आल्यापासून पाहुण्यासारखा बसूनच आहे,’ तो म्हणाला. बावन्न फोटो मी हवेवर काढले होते.

तेव्हा मला तुमची चिठ्ठी आठवली. कॅमेऱ्याच्या कव्हरात तुम्ही घडी करून ठेवली होती, पाच ओळींची. (ती आधी का वाचली नाही हे विचारू नका. वाचायच्या गोष्टी मी शेवटी वाचतो, म्हणून तर सातवीच्या पुढे गेलो नाही.) चिठ्ठीत होतं: रोल नीट अडकवणे. असा १०० ठेवणे. काटा मध्ये आणणे. श्वास रोखणे. दाबणे.

रोल अडकवणे कळलं. काटा कळला, उजेड मोजणारा, आत बघितलं की बाजूला दिसतो. श्वास कळला. पण ‘असा १०० ठेवणे’? असा म्हणजे कसा? चिठ्ठीत चित्र नव्हतं. तुमच्याकडे तेव्हा फोन बंद होता. मी कॅमेरा घेऊन इस्त्रीकाकांकडे गेलो. हे आमच्यातले सगळ्यात जुने, तीस वर्षं चादरींना इस्त्री करतायत, आणि सगळे अवघड प्रश्न त्यांच्याकडे जातात. काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाले, अरे सोपं आहे, पुढे श्वास रोखायला सांगितलंय ना? म्हणजे हात हलू द्यायचा नाही. कॅमेरा असा धरायचा (त्यांनी धरून दाखवला) आणि शंभर आकडे होईपर्यंत तसाच ठेवायचा. मशीन जुनं आहे, त्याला बसायला वेळ लागतो. आमच्या मोठ्या मशीनलाही तापायला वेळ लागतोच की. मला ते शंभर टक्के पटलं.

मामा, त्यानंतरचे पंधरा दिवस आम्ही फोटो कसे काढले ते तुम्ही बघायला हवं होतं. समोरचे जागच्या जागी पुतळ्यासारखे उभे, मी कॅमेरा डोळ्याला लावून उभा, आणि काका मोठ्याने आकडे म्हणतायत. तिशीपर्यंत सगळे ठीक असत. चाळिशीला कुणाच्या तरी नाकाला खाज सुटे. साठीला घडीवाल्या मावशींना हसू फुटे, की परत एकपासून. एकदा ब्याऐंशीला आमचे सुपरवायझर आत आले. त्यांना आम्ही शिट्टीसाहेब म्हणतो, कारण ते तोंडाने बोलायच्या आधी शिट्टीने बोलतात. त्यांनी बघितलं, सहा माणसं चादरी धरून थिजली आहेत आणि काका त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी करतायत. शिट्टी तोंडापर्यंत गेली आणि तिथेच राहिली. मग हळूच विचारलं, ‘काय झालंय? कोण गेलं?’ शंभर झाले, मी श्वास रोखला, दाबलं. त्या फोटोत तेही आले.

म्हणजे यायला हवे होते. रोल धुऊन फोटो आले ते सगळे काळे. छत्तीसच्या छत्तीस. एकात शिट्टीसाहेबांचे दात तेवढे दिसत होते. फोटोवाल्याने कॅमेरा हातात घेतला, वरची चकती माझ्या नाकासमोर धरली आणि विचारलं, ‘ए एस ए किती ठेवलं होतंस?’ मी म्हटलं, काय किती? त्याने बोट ठेवलं. चकतीवरच्या बारीक खिडकीशेजारी इंग्रजीत तीन अक्षरं. ए. एस. ए. रोलला उजेड किती लागतो ते तिथे कॅमेऱ्याला सांगायचं असतं, आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. माझ्या डोक्यात असा उजेड पडला की तेवढ्या उजेडात रोल धुतला असता तर जळलाच असता. मामा, तो तुमचा ‘असा’! इंग्रजी अक्षरं मराठीत जोडून लिहायची तुमची ही कुठली पद्धत? रोल शंभरचा होता, चकती सोळाशेवर होती (कुणी ठेवली ते मी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका), आणि आम्ही लॉन्ड्रीभर एक ते शंभर म्हणत बसलो होतो. मी हे येऊन सांगितलं तेव्हा काका मान खाली घालून इस्त्री करायला लागले. मावशी मात्र हसून हसून घड्यांच्या ढिगावर पडल्या. तेव्हापासून इथे कुणी कुणाला ‘कसा आहेस’ विचारत नाही. सकाळी आत आलं की विचारतात, ‘आज असा किती?’ तब्येत बरी असेल तर शंभर म्हणायचं, डोकं दुखत असेल तर सोळाशे.

तिसऱ्या रोलला असा बरोबर होता. तेव्हा आमच्या मालकांना कळलं की आपल्याकडे फोटो काढणारा आहे. त्यांना ऑफिसात लावायला एक मोठा फोटो हवा होता, पांढऱ्याशुभ्र चादरींचा, गिऱ्हाइकाने बघून गार व्हावं असा. मी दिवसभर चादरींचे फोटो काढले, काटा अगदी मध्ये आणून. फोटो आले. चादरी भांडी घासलेल्या पाण्याच्या रंगाच्या. मालकांनी फोटो बघितला, मग खिडकीतून चादरी बघितल्या, मग परत फोटो, आणि साबणाच्या व्यापाऱ्याला बोलावून घेतलं. त्या बिचाऱ्याला अर्धा तास झापलं. मी बाजूला उभा राहून छत बघत होतो. फोटोवाला म्हणाला, काट्याला काय कळतंय पांढरं काय नि काळं काय, त्याला सगळं जग राखाडी करायचं असतं. पांढरं बघितलं की तो म्हणतो उजेड फार झाला, कमी कर. तू त्याचं ऐकू नकोस. तुझा हा कॅमेरा मधल्या दर्जाचा आहे. स्वस्तातला काही बोलतच नाही, महागातला सगळं स्वतःच करतो, आणि हा नुसता सल्ला देतो. (आपल्या थोरल्या काकांची आठवण झाली.) मग मी चादरीऐवजी आधी तळहात उन्हात धरून काटा बघायला शिकलो आणि चादरी पांढऱ्या यायला लागल्या. साबणवाला अजून माझ्याशी बोलत नाही.

त्यानंतर इस्त्रीकाकांनी एक दिवस स्वतःहून सांगितलं, माझा एक काढ, आकडे न म्हणता. त्यांचे फोटो आजवर निघाले ते फक्त ओळखपत्रासाठी, मानेपर्यंत. मी त्यांना टेबलाशी उभं करून, इस्त्री हातात, खिडकीच्या उजेडात काढला. फोटो हातात घेऊन ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, झालं, यांनाही राखाडी केलं. मग म्हणाले, ‘हे माझे हात? बरेच कामाचे दिसतात की.’ आणि खिशात ठेवून दिला. दुसऱ्या दिवसापासून मला चहा पहिला मिळतो.

शेवटचा पराक्रम गेल्या आठवड्याचा. तुमच्या कॅमेऱ्याला पुढे एक आडवी दांडी आहे, ती फिरवून बटण दाबलं की कॅमेरा दहा सेकंद किर्र करतो आणि मग आपोआप फोटो काढतो. आई दर पत्रात लिहिते, सगळ्यांचे फोटो पाठवतोस, तुझा कुठाय? म्हटलं, या वेळी मीही आत. कॅमेरा इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, सगळ्यांना उभं केलं, बटण दाबलं आणि धावलो. जमिनीवर साबणाचं पाणी होतं. सोबत तो फोटो पाठवतोय. सात माणसं पोट धरून हसतायत, शिट्टीसाहेबांची शिट्टी हवेत आहे, आणि खाली डाव्या कोपऱ्यात जो बूट दिसतोय तो मी. मालकांनी चादरींचा उतरवून हाच मोठा करून ऑफिसात लावला. आईला सांगा, तब्येत चांगली आहे, बुटावरून कळेलच.

तर सांगायचं काय, मामा, कॅमेऱ्याची ही अशी अवस्था आहे. वजन तर असं की ताईच्या मनगटाला झेपणार नाही. आवाज इतका खाडकन येतो की झोपलेलं बाळ दचकेल आणि जागं असेल तर रडेल. काट्याची बटणाएवढी बॅटरी आता दुकानात मिळत नाही. वाफेने भिंगावर डाग पडलाय. खटका मध्येच अडकतो. आतला आरसा कधी वर राहतो, कधी खाली. माझ्या मते अशा वस्तूपुढे लहान मूल धरणंच धोक्याचं आहे. पण तुमचा शब्द तो शब्द. कव्हरात नीट बांधून, वर टॉवेल गुंडाळून, शुक्रवारी दादाच्या हातात देतो. मामींना नमस्कार, ताईकडे आशीर्वाद मागतो, बाळाच्या दाताला जपा.

तुमचा आज्ञाधारक
भाचा

ता. क. आज शुक्रवार. दादा सकाळी पार्सल घेऊन गेला. हे पत्र त्याच्या आधी पोचावं म्हणून धावत टाकायला निघालोय. पार्सल आधी पोचलं असेल तर तुम्ही हे उभ्यानेच वाचत असाल. आत कपडे धुण्याच्या साबणाच्या दोन मोठ्या वड्या आहेत. वजन बरोबर कॅमेऱ्याएवढं भरतं, मी दोन्ही हातांनी तोलून बघितलंय. साबण उत्तम आहे, बाळाच्या दुपट्यांना वापरावा.

ता. क. दुसरा. भिंगावर डाग नाही. खटका, आरसा, सगळं ठीक आहे. बॅटरी फोटोवाल्याकडे डबाभर पडल्या आहेत. वर जे लिहिलं ते बुधवारी लिहिलं, आणि गुरुवारभर मी कव्हर उघडत होतो नि मिटत होतो. मामा, मला नाही देववत. बाळाचे फोटो मी काढतो. दहा तारखेपासून आठ दिवसांची रजा मंजूर झालीय (आयुष्यात पहिल्यांदा रजा मागितली, आजवर नुसता निघून यायचो). सोबत चार रोल आणतो. बाळाला दिवसभर खिडकीशी ठेवा, बाकीचं मी बघतो. फोटो बघून झाले की मग ठरवा, कॅमेरा कुणाचा ते. ठरेल ते मान्य. (हे मात्र खरं लिहिलंय.)

ता. क. तिसरा. वेळेवर सुचलं नाही, घाईत कव्हर पार्सलबरोबर गेलं. कॅमेरा इथे उघडा पडलाय आणि चादरींचे तंतू फार उडतात. दादा मंगळवारी पुन्हा पिंपं घेऊन इकडे येतोय. त्याच्याबरोबर तेवढं कव्हर पाठवून द्याल?